बाटली क्रमांक पासष्ट

दर चार तासांनी एक बाटली.
भरायची, बूच लावायचं, वेळ लिहायची,
काळ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवायची,
कारण उजेडात रंग मरतो.
एवढंच काम. युनिव्हर्सिटीच्या बाई पैसे रोख देतात.

यावोर्निकीच्या पलीकडे, सरोवराच्या तळातल्या विवरात
त्यांनी सोमवारी चार किलो हिरवा रंग ओतला.
मी अलीकडे, नकाशाच्या मते
जिथे तो कधीच येणार नाही
अशा झऱ्यापाशी स्टूल टाकून बसलोय.
"कुणीतरी बसायला हवं," बाई म्हणाल्या,
"नाही आला, हेसुद्धा लिहावं लागतं."

आमची नदी एक की सहा, कुणाचं एकमत नाही.
ओबर्ह म्हणून निघते, जमिनीत शिरते,
स्त्र्झेन म्हणून वर येते, पुन्हा बुडते,
राक होते, उनित्सा होते,
चार घरी नांदलेल्या बाईसारखी
राजधानीतल्या पुलाखाली शेवटचं नाव तेवढं सांगते,
माहेरचं विचारलं की गप्प.

सरोवरही त्याच वळणाचं.
माझ्या बापाने, द्रेयत्सने, एकाच तुकड्यात
एप्रिलमध्ये मासे धरले, ऑगस्टमध्ये गवत कापलं.
बँकेचा माणूस विचारायचा, ही जमीन की पाणी?
बाप म्हणायचा, तारीख सांगा.

डोंगराचं आढं मात्र सरळ, शाळेत घोकून घेतलेलं:
या उतारावरचा थेंब एड्रियाटिकचा,
त्या उतारावरचा काळ्या समुद्राचा.
खिंडीत पर्यटक गाडी थांबवतात,
अर्धी बाटली इकडे ओततात, अर्धी तिकडे,
आणि दोन समुद्रांना पाणी पाजल्याच्या थाटात फोटो काढतात.
पण ही झाली छपराची गोष्ट.
चुनखडीच्या पोटात
कुठल्या सुताराने आढं घातलंय?

खालच्या घरात झोफका राहते. एक्याऐंशीची.
ती सात वर्षांची असताना भावाची टोपी त्या विवरात पडली,
तांबड्या लोकरीची, आईने विणलेली, एक कान आखूड.
पुढच्या वसंतात तिला ती
या झऱ्यात, या दगडाला अडकलेली सापडली.
पाद्री हसले. मास्तर हसले.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नसतं, पोरी.
भावाने टोपीपायी मार खाल्ला, मोठा झाला,
क्लीव्हलंडला जाऊन पोलादाच्या कारखान्यात लागला,
आणि दर नाताळच्या पत्रात शेवटी एक ओळ:
झोफे, माझा हातमोजा पोचला का?

अकरा दिवस मी नाही, नाही, नाही लिहिलं.
अकराव्या रात्री बारा वाजता
टॉर्च पाण्यात धरला आणि
हात आपोआप मागे आला.
कोवळ्या वाटाण्याच्या सालीसारखं काहीतरी
दगडाखालून वर येत होतं,
घाई नाही, आवाज नाही,
वाट पाठ असल्यासारखं.

बाईंना फोन केला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, बूच घट्ट लाव.

मग मी झोफकाचं दार वाजवलं.
ती कोट चढवून आली, बुटांच्या नाड्या तशाच,
पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
"चौऱ्याहत्तर वर्षं लावलीत," म्हणाली.
मला की पाद्र्यांना की पाण्याला, कळलं नाही.
मुरंब्याची रिकामी बरणी आणली होती तिने,
गुडघ्यावर बसून ती भरली.

खिडकीत ठेवू नकोस, मी सांगितलं,
ऊन लागलं की जातो रंग.
"ठाऊक आहे," ती म्हणाली,
"पण दाखवायचं ज्याला, तो गेला मार्चमध्ये.
आता किती दिवस टिकून काय करायचंय?"

सकाळी बरणी तिच्या खिडकीतच होती.
दुपारपर्यंत साधं पाणी झालं.
तिने ते जिरेनियमला घातलं
आणि बरणी धुऊन पालथी घातली.

चार वाजले होते.
मी पुढची बाटली घेऊन उतरलो.